गोलकीपरचा न धुतलेला शर्ट

ब्रायर्टन गावात पहिली बातमी आली ती अशी, की वर्ना कोझलिकने गोलकीपरचा शर्ट चोरून प्रतिस्पर्धी कॉलेजला विकला. पेट्रोल पंपावर ही बातमी वाटणाऱ्याला गिऱ्हाईक कोण, एवढं मात्र सांगता येईना. शर्ट कुणी विकला नव्हता. तो स्पर्धेच्या गावी टीम उतरली होती त्या हॉटेलच्या वॉशिंग मशीनमध्ये गरगर फिरत होता. गावाच्या मते विकला असता तर निदान परवडलं असतं.

वर्ना कॉलेजच्या मुलींच्या सॉकर टीमचे कपडे सांभाळते. नवरा गेल्यापासून तिचा मुक्काम कॉलेजच्या धुलाईघरातच. स्वतःच्या घरी ती येते ते मांजराला खायला घालायला. यंदा टीम पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचली आणि वर्नाला पहिल्यांदाच टीमच्या बसमध्ये जागा मिळाली. त्यासाठी तिने केससुद्धा सेट करून घेतले. मांजराने ओळखलं नाही म्हणतात.

अडचण होती टेसा ब्रुनरची. या गोलकीपर पोरीने स्पर्धा सुरू झाल्यापासून जर्सीच्या आतला लांब बाह्यांचा शर्ट धुऊ दिला नव्हता. जिंकत असताना धुवायचं नाही, हा तिकडच्या खेळाडूंचा जुना नेम. अख्खी टीम तो पाळायला तयार होती, फक्त बसमध्ये टेसाच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं.

उपांत्य सामन्याच्या सकाळी वर्नाने तो शर्ट उजेडात धरला. नियम असा, की आतली बाही जर्सीच्याच रंगाची हवी. जर्सी पांढरी आणि शर्ट दूध घातलेल्या कॉफीसारखा. पंच टेसाला मैदानाबाहेर काढणार, हे तिला दिसलं. तिने कुणाला न विचारता तो धुऊन टाकला.

ते कळल्यावर कोच हॅल्व्हरसनचा चेहरा पडला. "वर्ना, टेसा आज गोलमध्ये उभी राहिली नाही ना, तर परत जायची बस तू तुझी शोध. आणि नोकरीही."

"मग काय करू? परत घाम लावू त्याला?"

ती टोमणा मारत होती; कोचला ती युक्ती वाटली. पार्किंगमध्ये पोरींचे आईबाप सामन्याआधी, रिवाजाप्रमाणे, शेगड्या पेटवून सॉसेज आणि कांदे भाजत होते. कोचने दोन बापांना शर्ट धुरावर धरायला लावला.

टेसाने शर्ट नाकाला लावला. "याला कांद्याचा वास येतोय."

"टेन्शनमध्ये घामाला येतो तसा," कोच म्हणाला.

"कोच, हा वास माझा नाही. माझा मला कळतो."

"आम्हाला पण कळतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

वर्नाला राहवेना. "मी धुतला गं. पंचाने तुला बाहेर काढलं असतं."

"मिस वर्ना, तुम्ही आमची वाट लावलीत!" टेसा रडली, तिने बूट आपटले, आणि दुसरा शर्ट नव्हता म्हणून तोच चढवून मैदानात गेली. त्या दिवशी तिच्या दिशेने आलेला प्रत्येक चेंडू तिने असा अडवला, जणू तो वर्नानेच मारलाय. पेनल्टीसुद्धा सोडली नाही. टीम एक-शून्यने जिंकली.

संध्याकाळी वर्नाच्या खोलीबाहेर पोरींची रांग. मोजे, पट्टे, केसांच्या रिबिनी, एकीने तर टोपी घातलेलं कापडी अस्वल आणलेलं. "मिस वर्ना, सगळं धुवा! धुतल्यावर जिंकतो आपण!" वर्नाने बिनबोभाट सगळं धुतलं. अस्वलही.

अंतिम सामन्यात समोरच्या पोरी जास्त धावल्या. तीन-शून्य.

परतीच्या बसमध्ये वर्नाला जागा होती, पण गाव ऐकतंय होय? रविवारी चर्च सुटल्यावर गावातल्या हॉटेलात कॉलेजच्या विश्वस्ताची बायको, मिसेस पेल्टियर, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी कपड्यांना दुसरी बाई बघा. हिने सगळं धुतलं आणि नशीबही धुऊन टाकलं."

शेजारच्या टेबलाला वर्नाच होती. तिने ॲपल पायचा घास संपवला, तोंड पुसलं आणि वळून म्हणाली, "जिंकलो तेव्हाही मीच धुतलं होतं, बाई. साबण दोन्ही दिवशी एकच होता."