हं आणि अंहं

स्टुडिओत सगळे त्याला खांब म्हणायचे. उंच, सडसडीत, आणि दिवा धरला की तास तास जागचा हलायचा नाही. बावीस वर्षं दिवे सांभाळणाऱ्या या माणसाचं सगळं बोलणं दोन आवाजांत भागायचं. ‘हं’ म्हणजे हो, ‘अंहं’ म्हणजे नाही.

"चहा?" "हं." "साखर?" "अंहं." संपलं.

त्याची धाकटी बहीण खालच्या मजल्यावर कपडेपटात शिलाईला होती. ती सांगायची, "आमच्या दादाने लग्नसुद्धा ‘हं’वर उरकलं. वहिनीला वाटलं, घसा बसलाय."

बंद जागेत मात्र या खांबाचं पाणी पाणी व्हायचं. घरी अंघोळीलाही तो कडी लावायचा नाही. बाकीचे खाकरत खाकरत मोरीवरून जायचे.

मालिका यंत्रमानवाची होती. नव्या भागात यंत्रमानवाला कळतं, की आपल्याआधी त्याच साच्यातून एक मोठा भाऊ बनवला होता, आणि तो घरच्यांच्या मनासारखा झाला नाही म्हणून त्यांनी त्याला बंद करून कपाटात ठेवला. या भावासाठी दिग्दर्शकाला हिरोसारखं नाक हवं होतं आणि कोरा चेहरा.

"अहो, शोधताय कुणाला?" मेकअपवाल्या बाई म्हणाल्या. "तो काय तिथे दिवा धरून उभा आहे!"

सगळे हसले. खांबाला विचारलं. तो सवयीने "हं" म्हणाला. यंत्रमानवाच्या मुखवट्यासाठी आधी चेहऱ्याचा साचा काढावा लागतो, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा नाही म्हणायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचं कापड गुंडाळलं, हात आत, गाठ मागे.

"हे बघा भाऊ, लेप चढला की तोंड उघडायचं नाही, हसायचं नाही, शिंकायचं तर मुळीच नाही. वीस मिनिटं. मी मधून मधून विचारीन, बरं आहे ना? तुम्ही नुसता हुंकार द्या. तुम्हाला तसंही तेवढंच येतं!"

गार गुलाबी लगदा आधी हनुवटीवर आला, मग ओठांवर, मग डोळ्यांवर. अंधार झाला. कान बुजले. लगद्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या चढल्या आणि मान आपोआप मागे टेकली. आता उरल्या फक्त दोन नाकपुड्या.

तेवढ्यात एक थेंब घसरला आणि उजवी बुजली.

त्याने जोरात श्वास ओढला. लगदा आणखी आत गेला. डावीतून हवा शिट्टी वाजवत येत होती.

"बरं आहे ना, भाऊ?" बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

"अंहं!" तो म्हणाला.

निदान त्याला तसं वाटलं. पण ओठ मिटलेले, वर शेर दीड शेर प्लास्टर. ‘अं’ आतच अडकला. बाहेर पडले ते नुसते दोन हुंकार. हं-हं.

"अगं बाई, डबल हो! मजेत आहेत की."

त्याने कापडाखाली मूठ वळून हात उचलला. गाठ घट्ट होती. तो उठायला गेला, तर बाईंनी खांदे धरून खाली बसवलं. "हलू नका हो, नाक वाकडं येईल!"

दिग्दर्शक डोकावला. "काय खांबसाहेब, कसं काय?"

"हं-हं! हं-हं! हं-हं!"

"बघा, हसतोय! बावीस वर्षांत पहिल्यांदा!"

दोघंही खो खो हसली. शिट्टी बारीक होत चालली. छातीत कुणीतरी आतून धक्के देत होतं. हे हसता हसताच आपल्याला मारणार, त्याच्या मनात आलं, आणि वर म्हणणार, जाताना खूश होता.

दार वाजलं. बहीण मालिकेतल्या मोठ्या भावाचा कोट घेऊन आली होती.

"कॉलर लावून बघायचीय."

"अजून आठ मिनिटं," बाई म्हणाल्या. "रंगात आलेत आज. सारखं हो हो चाललंय."

"हो? कशाला हो?" ती जवळ आली. "दादा, ऐकू येतंय का?"

उरलासुरला श्वास त्याने त्या दोन हुंकारांत घातला. पहिला वरच्या सुरात, दुसरा खालच्या. आधीही तो तस्साच म्हणत होता.

तिने कोट फेकला. "अहो, हो कसलं! तो नाही म्हणतोय! काढा, काढा आधी ते!"

"अगं, पण साचा..."

"साचा गेला खड्ड्यात! माझा भाऊ गुदमरतोय!"

तिने हनुवटीखाली नखं घातली आणि सगळा चेहरा ओरबाडून वर ओढला. प्लास्टर मधोमध फाटलं. खांब तोंड वासून हवा गिळत राहिला. भुवयांवर गुलाबी गोळे, ओठ निळे. बाई मटकन खाली बसल्या.

पाच मिनिटांनी दिग्दर्शकाच्या जिवात जीव आला. "पाणी प्या, थोडं पडा. जेवणानंतर परत घेऊ. दोन्ही नाकपुड्यांत मी स्वतः नळ्या घालीन. उद्या शूटिंग आहे हो! मोठा भाऊच नसेल, तर धाकट्याने बोलायचं कुणाशी? बसाल ना?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि त्याला जाणवलं, ‘हं’ घशापर्यंत आलाय. न बोलावता, सवयीने. आता त्याला खरी धडकी भरली. त्याने दात घट्ट आवळले आणि ‘हं’ खाली जाईपर्यंत थांबला.

"नाही," तो म्हणाला.

"मग उद्या सकाळी?"

"नाही. मला भीती वाटते."

बहिणीने आपल्या भावाकडे असं पाहिलं, जणू भलताच कुणी बोलला. दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. "बरं... कपाटातलाच आहे म्हणा. पाठमोरा दाखवू."

बहीण त्याला हाताला धरून लिफ्टपर्यंत घेऊन गेली. एरवी तो डोळे मिटून, मजले मोजत लिफ्टने उतरायचा. दार सरकलं. आत दिवा होता, आरसा होता, कुणी नव्हतं. तो उंबऱ्याशी उभा राहिला. दार आपोआप मिटू लागलं. तो मागे सरला आणि जिन्याकडे वळला.

"सहा मजले आहेत, दादा. माझे गुडघे!"

तो थांबला नाही. कठडा धरून, तोंड उघडं ठेवून, एकेक पायरी उतरत राहिला. तीही कुरकुरत मागे निघाली.