खेळाकडं पाठ करून

त्या खेळात माझं काम एवढंच होतं: खेळाकडं पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मला दोन्ही अवघड. मी बोलणारी बाई आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण बोलण्यात कधी कुणाला हार गेले नाही. नातीनं मला या कामाला निवडलं ते मी हुशार म्हणून नव्हे. दिवसभर घरात तिच्याजवळ दुसरं कुणी नसतं म्हणून.

नात सतरा वर्षांची, माझ्या मुलाची मुलगी. लहानपणी चालायची. मग पायातली ताकद गेली, मागून हातातली. आता पाण्याचा पेला उचलत नाही. डोकं मात्र तल्लख, आणि जीभ माझ्यावर गेलेली. मुलगा आणि सून सकाळी बियाण्याच्या कंपनीत जातात ते दिवस मावळायला येतात. तोवर चाकाच्या खुर्चीत ती आणि पलंगावर मी. घर अंबडला, माझ्या थोरल्या दिरांचं. आमच्याकडं थोरल्या दिराला भाया म्हणतात; ते दिवसभर बाहेर ओसरीवर असतात. माझा नवरा गेल्यापासून आम्ही त्यांच्याच छपराखाली आहोत. दाराला पायऱ्या आहेत. त्यावर सिमेंटचा उतार करू, म्हणजे खुर्ची खाली नेता येईल, असं मुलगा एकदा म्हणाला होता. घराची शोभा जाते, असं भाया म्हणाले. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. दवाखान्यात न्यायची झाली तरच पोरीला उचलून खाली न्यायचं. एरवी खिडकी. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते.

खेळ आणला तो जालन्याहून येणाऱ्या व्यायामाच्या बाईंनी. हाताला ताकद नसलेल्यांसाठीच हा खेळ आहे, नाव बोचिया, असं त्यांनी सांगितलं. जमिनीवर एक पांढरा चेंडू टाकतात. आपले लाल चेंडू त्याच्या जवळ न्यायचे, समोरच्यानं त्याचे निळे न्यायचे. ज्याला फेकता येत नाही त्यानं पन्हळीवरून घरंगळत सोडायचे. तयार पन्हळ इकडं मिळत नाही म्हणून मुलानं बोअरचा केसिंग पाईप उभा चिरला, तो कूलरच्या लोखंडी स्टँडवर तिरपा बसवला आणि आतून मेणबत्ती घासून गुळगुळीत केला. कूलर खाली फरशीवर आला. नातीच्या मनगटाला चिकटपट्टीनं एक लाकडी कांडी बांधली. मी पन्हळीच्या वरच्या तोंडाशी चेंडू ठेवायचा, तिनं तो कांडीनं अडवून धरायचा, आणि मनात येईल तेव्हा कांडी बाजूला करायची. तेवढी ताकद तिच्या मनगटात होती.

पन्हळ हलवणाऱ्या माणसाला खेळाडू धरत नाहीत. तो खेळाडूचा हात. हातानं बघायचं नसतं, बोलायचं नसतं. म्हणून त्यानं खेळाडूकडं तोंड आणि मैदानाकडं पाठ करून बसायचं. मागं वळून बघितलं की समोरच्याला एक जादा चेंडू मिळतो.

“असला कसला खेळ?” मी म्हणाले. “मला दिसणारच न्हाई काही.”

“आज्जे, मी रोज तुझ्या हातानं जेवते,” नात म्हणाली. “तू थोडा वेळ माझ्या डोळ्यानं बघ.”

मग आम्ही बोळीत खेळायला लागलो. बोळ म्हणजे स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंतची अरुंद जागा. ती सांगायची, डावीकडं, अजून, जरा मागं, बास. मी स्टँड सरकवायची. चेंडू पाईपमधून खरखरत जायचा, माझ्या पाठीमागं कुठंतरी थांबायचा, आणि मला दिसायचं फक्त तिचं तोंड. तोंडावरून कळायला लागलं. बराबर बसला की ती नाक उडवायची. चुकला की पुढचं सांगताना आवाज बारीक करायची. मला वाटायचं आता जरा उजवीकडं पाहिजे, तर ती म्हणायची, “आज्जे, खांद्यानं बोलू नको.” मी खांदेही आवळून बसायला शिकले. खिडकीकडं तोंड करून बसायची ती पोर, तिनं मला खेळाकडं पाठ करून बसवलं. एका घरात दोघी अडकलेल्या, फरक एवढाच की हुकूम आता तिचा चालत होता.

जालन्याला निवड होणार, निवडलेले पुण्याला शिबिराला जाणार, तिथं राहणार, असं बाईंनी सांगितलं. पोरीनं त्या दिवशी नीट जेवण केलं नाही. तिला घराबाहेर राहायला मिळणार होतं, एवढंच तिच्या डोक्यात. भाया मुलाला म्हणाले, चारचौघांत पोरीचा तमाशा मला पसंत नाही, पण एकदा जाऊन या. निवड झाली तर पुढचं बघू. नाही झाली तर तो पाईप पुन्हा घरात दिसता कामा नये. जीप त्यांची होती, म्हणून तेही बरोबर आले. आत मात्र आले नाहीत. जीपमध्येच बसून राहिले.

निवड एका मंगल कार्यालयात होती. फरशीवर पट्ट्या चिकटवून चौकोन केले होते. शेवटचा सामना आमचा. समोर चाळिशीतला एक माणूस, परतूरकडचा, दुखणं यायच्या आधी शिंपी होता. त्याच्या पन्हळीपाशी त्याची बायको. मी माझ्या जागी बसले, पाठ मैदानाकडं, तोंड नातीकडं. नातीच्या मागं कार्यालयाचं मोठं दार होतं.

सामना सरत आला तेव्हा नातीनं दोनदा नाक उडवलेलं मी बघितलं. पंचांनी आकडे बरोबरीचे सांगितले आणि शेवटचा डाव सुरू झाला. तिनं मला पन्हळ केसभर डावीकडं घ्यायला लावली. चेंडू सुटला. मागं कुणीतरी वा म्हणालं. तिचा अजून एक चेंडू बाकी होता. मी तो उचलून वर ठेवला.

तेवढ्यात दारात भाया उभे राहिले आणि खोकले.

हा खोकला काय असतो ते आताच्या पोरींना सांगावं लागतं. आमच्या काळात थोरला माणूस घरात यायच्या आधी बाहेर खोकायचा. खोकला ऐकला की सुनांनी उठायचं, पदर डोक्यावरून पुढं ओढायचा आणि तोंड दुसरीकडं वळवून उभं राहायचं. भायांशी तर सरळ बोलायचंही नाही. काही सांगायचं असलं तर लेकराला पुढं करून सांगायचं. लग्न झाल्यापासून मी हे करत आले. त्यात विचार करायला काही उरलेलं नव्हतं.

मी उठले. पदर घेतला. तोंड वळवलं. भाया समोर, म्हणून तोंड मागं वळलं, मैदानाकडं.

तेव्हा मला पहिल्यांदा खेळ दिसला. पांढऱ्या चेंडूला चिकटून आमचा लाल चेंडू बसला होता. निळे सगळे लांब होते. फार चांगलं दिसत होतं ते.

पंचांनी हात वर केला. व्यायामाच्या बाई डोक्याला हात लावून बसल्या. आमचा उरलेला चेंडू बाद झाला आणि शिंप्याला एक जादा चेंडू मिळाला. त्याचा चेंडू सरळ आला, आमचा लाल चेंडू ठोकरला आणि स्वतः पांढऱ्यापाशी थांबला. माणूस वाईट नव्हता. नातीकडं बघून त्यानं मान खाली घातली. त्याची बायको एकदाही वळली नव्हती.

नातीनं एवढंच विचारलं, “उठली कशाला?” मी गप्प बसले. तिथं गप्प बसायची गरज उरली नव्हती, तरी बसले.

परतताना जीपमध्ये भाया पुढं, मुलाच्या शेजारी. मागं आम्ही तिघी, सून, नात आणि मी. भाया मुलाला म्हणाले, “झालं. बोललो होतो मी. विषय बंद.”

मी पदर मागं सारला. “दादा,” मी सरळ भायांनाच म्हणाले, “पोर हरली न्हाई. तुम्ही खोकलात म्हणून मी उठले. हरलो तर आपण दोघं हरलो.”

सून माझ्याकडं भूत बघितल्यासारखी बघत होती. भायांनी मान वळवली नाही. मुलाला म्हणाले, “तुझ्या आईला गाडी लागून राह्यली वाटतं. काच खाली कर.”

मुलानं काच खाली केली. पण दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तो ओसरीवर गेला. आई खरं बोलली, अजून एकदा जाऊ द्या, एवढंच म्हणाला. बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पुढं अजून एक निवड आहे. भाया म्हणाले, जा. पण घर उघडं टाकून सगळ्यांनी जायचं नाही. एक बाई घरी पाहिजे.

ती बाई कोण, हे विचारायचं कामच पडलं नाही. नातीनंच सांगितलं.

“आज्जे, या वेळी तू नको.”

मी म्हणाले, आता कुणीही खोकलं तरी मी उठणार नाही.

“उठशील. ते तुझ्या डोक्यात न्हाई, गुडघ्यात हाय.”

मला राग आला. मग बघितलं तर तिच्या बोलण्यात खोट सापडेना. तिनं पलीकडच्या घरातल्या चाचीला विचारलं. चाची कपडे शिवते, माझ्यापेक्षा जास्त बोलते, आणि आमच्या भायांशी तिचं कसलं नातं नाही. भाया खोकले तर दवा घेतली का, असं ती त्यांनाच विचारते.

आता दुपारी चाची येते आणि माझ्या जागी बसते. नात म्हणते, तू इथं थांबलीस की चाची तुझ्याकडं बघून हसते, माझा नेम जातो. म्हणून मी स्वयंपाकघरात असते. दार लोटलेलं असतं. पाईपमधून चेंडू गेल्याचं ऐकू येतं. कुठं थांबला ते कळत नाही, आणि आता बघायला तिचं तोंडही नाही. ती पुण्याला गेली तर बरंच होईल. या घरातून एक तरी बाई बाहेर पडेल. मग दुपारी घरात मी आणि भाया. त्यांना भाकरी गरम लागते, ताटावर बसल्यावर थापलेली.