आत्याची ट्यूब आणि खाडीचं तोंड

मी पदवीधर झालो तो सुमनआत्यामुळे. कॉलेजप्रवेशाच्या दिवशी आमच्या मांजर्लीत उल्हास नदीचं छातीएवढं पाणी होतं. शेजाऱ्यांची ट्रकची ट्यूब आणून तिनं मला तिच्यात बसवलं, गुणपत्रिका टोपीखाली दडवली आणि ढकलत कोरड्या रस्त्याला लावलं. घरातला पहिला पदवीधर असा तरंगत निघाला.

पुढे कोकणात खाडीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तिची एकच अट होती. "पोहता येत नाही तुला. ट्यूबशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही."

ट्यूब उल्हासनगरला घेतली. दुकानदार म्हणाला, "साईं, उधर पंप मिलेगा क्या? इधरही हवा भरवा लो." मला पटलं. एसटीच्या कंडक्टरला पटेना. "मास्तर, हिचं फुल काढू की हाफ?" शेवटी ती टपावर गेली.

बंदरावर गरम घावनं (तांदळाची धिरडी) खाल्ली आणि ट्यूब कमरेत घालून होडीत बसलो. खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्याखाली वाळूचा दांडा होता. त्यावर लाटा फुटत होत्या.

तांडेल (होडीचा म्होरक्या) माणसं मोजत होता. "बारा घेतो. जास्त झाली की होडी वाळूला टेकते, मग लाट आडवी करते." पण अकरातच जागा संपली. काठावर एक म्हातारी उरली. पलीकडे तिची लेक बाळंत व्हायची होती, आणि ओहोटी लागली की उद्यापर्यंत होडी नव्हती.

सगळे माझ्या कमरेकडे बघू लागले.

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"मलाबी नाय येत," म्हातारी म्हणाली. "मी काय टायर बांदून फिरते?"

तांडेल हसला नाही. "तिथं पोहणाराबी बुडतो, मास्तर. लाटा मी बघतो, तुम्ही हलू नका."

मी वाल्व्ह काढला. हवा जाताना असा आवाज झाला की सगळी होडी हसली. म्हातारी चपट्या ट्यूबवर ऐसपैस बसली.

दांड्याजवळ तांडेलानं होडी रोखली. तीन मोठ्या लाटा सोडल्या. मला घाई झाली होती, त्याला नव्हती. आणखी दोन सोडल्या, मग निघाला. होडी उचलली, आपटली, तोंडात खारं पाणी गेलं आणि आम्ही पार झालो. म्हातारीनं माझा हात धरला होता, की मी तिचा, सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी परतलो. संथ उल्हास नदी बघताना वाटलं, मला आजवर पार नेलं ते पाणी ओळखणाऱ्या माणसांनी. आत्यानं माझं पत्र बुद्धाच्या तसबिरीमागे जपून ठेवलं होतं:

"ती. आत्यास सप्रेम जयभीम. सुखरूप पोचलो. ट्यूब होडीत होती. तिच्यावर एक आजी बसली होती, संध्याकाळी तिला नात झाली. इथला तांडेल तुझ्यासारखाच आहे, पाणी नीट बघून मगच माणसाला पुढे ढकलतो. काळजी नसावी. ट्यूबमध्ये हवा होती का, ते मात्र विचारू नकोस."