दोन दाव्यांमधला बैल

समजा, तुम्हाला एक बैल रेणापूरच्या चारा छावणीतून जळकोटच्या छावणीत पाठवायचा आहे. बैल टेम्पोत चढला. आता कॉम्प्युटरवर त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर इथून काढायचा आणि तिथे घालायचा. इथून काढलात, आणि नेटवर्क गेलं. बैल कुठला?

तारामतीच्या हातून नेमकं हेच घडलं. लातूर जिल्हा वेगळा झाला त्या सालचा तिचा जन्म. वडील लिंबाजी लोकांची गुरं राखायचे. कॉलेजात गेलेली घरातली ती पहिलीच. दुष्काळात छावण्या उघडल्या आणि त्यांचा प्रोग्राम तिनंच लिहिला; रेणापूरच्या छावणीत नोंदीलाही तीच बसायची.

बैलाचा मालक मलप्पा त्याला जळकोटला बांधून परत आला तो तणतणतच.

“बाई, माझा बैल हाय का न्हाई?”

“मामा, इथून तर काढलाय.”

“तिकडं म्हणतेत, नंबरच दिसंना, वैरण कशी द्यावी? मग दोन रोज मी काय भुताला पाणी पाजून राहिलो का?”

आजूबाजूची माणसं हसली. तारामतीनं लगेच नंबर जळकोटच्या यादीत घातला. पण बैल आधीच खंगलेला. वैरण पुढ्यात पडली तेव्हा त्यानं तोंडच लावलं नाही. सकाळी तो गेला.

मलप्पा पुन्हा भांडायला आला नाही. तेच तिला जड गेलं.

हाळीच्या गुरांच्या बाजारात तिनं लहानपणी पाहिलं होतं. विकणारा आपलं दावं कधी देत नाही. पण घेणाऱ्याचं नवं दावं गळ्यात पडल्याशिवाय जुनं सोडतही नाही. तिच्या प्रोग्रामनं आधीच सोडलं होतं. तिनं तो मुळापासून बदलला. जनावर कुठल्या तरी एकाच छावणीचं असलंच पाहिजे. काढणं आणि घालणं मिळून एकच काम. मध्ये तुटलं तर काहीच झालं नाही असं धरून बैल जुन्याच जागी. काम चालू असताना त्यातलं अर्धं दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही. आणि एकदा ‘झालं’ म्हटलं की वीज गेली तरी ते पुसायचं नाही.

त्यानंतर एकही जनावर हरवलं नाही.

तरी एक कोडं तिला अजून सुटलेलं नाही. जळकोटनं बैल घेतला, पण ‘घेतला’ हा निरोपच वाटेत गळाला, तर रेणापूरनं जुनं दावं धरून थांबायचं तरी किती वेळ, आणि तोवर त्या बैलाला वैरण कुणी घालायची?