वसुधाचा आग्रह

वसुधाकडे दुपारी जेवायला जायचं तर सकाळी नुसता चहा घ्यायचा, हे आम्हा अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींचं ठरलेलं. "पुरे" या शब्दाला तिच्याकडे काडीची किंमत नव्हती. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढणार. मी वैतागायचे, भांडायचे आणि पुन्हा जायचे.

तिचे यजमान, प्रतापराव, शेवटचा महिनाभर हॉस्पिटलात होते. तोंडाने काही द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. घरून नेलेला मऊ भात ती रोज तसाच परत आणायची. "उपाशी गेला गं माझा माणूस," एवढंच नंतर म्हणत राहिली. नळीतून सगळं मिळत होतं, असं मी तिला सांगून पाहिलं. तिला ते कधी पटलं नाही.

चैत्राली आमच्या ओळखीतली, इथल्या शाळेत सायन्स शिकवते. वसुधाला घराबाहेर काढायचं म्हणून तिने तिला वर्गात मदतीला नेलं. तिथे थंड पाण्याच्या टाकीत मुलं अंड्यांपासून ट्राउट मासे वाढवतात आणि मे महिन्यात ओढ्यात सोडतात. मुलं वसुधाला आजी म्हणू लागली. किती दिवसांनी हसली बाई!

नाताळच्या सुट्टीत चैत्राली पुण्याला निघाली, तेव्हा वर्गाची किल्ली आणि टाकी तिने वसुधावर सोपवली. "काकू, फक्त चिमूटभर फूड, दिवसातून एकदाच हं. जास्त झालं तर खाली सडतं, आणि पाणी टॉक्सिक होतं."

वसुधाने मान डोलावली. पण ती जवळ गेली की पिल्लं तोंडं उघडत वर यायची. त्या तोंडांसमोरून ती हात आखडता कसा घेणार? चिमटीची मूठ झाली. पुढे पिल्लं मलूल दिसायला लागली, तर हिला वाटलं अशक्तपणा आला. तिने आणखी घातलं.

शाळा उघडली तेव्हा बहुतेक सगळे मासे मेले होते. चैत्राली तिला एका शब्दाने बोलली नाही. वसुधाला तेच जास्त लागलं. वर्गातल्या अनिकाने विचारलं, "आजी, डिड दे गेट सिक?"

"नो, बाळा. आय फेड देम टू मच."

संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली. "एकाला उपाशी पाठवलं आणि यांना खाऊ घालून मारलं. माझ्या हाताला काही कळतच नाही गं." मला तिचा राग आला, आणि कीवही आली.

मे महिन्यात मुलांनी उरलेसुरले मासे ओढ्यात सोडले. चैत्रालीने किती बोलावलं, पण वसुधा गेली नाही.

गेल्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. भरली वांगी, आमटी, श्रीखंड. मी नेहमीप्रमाणे सकाळी नुसता चहा घेऊन गेले. एकदा वाढून झाल्यावर तिने विचारलं, "आणखी देऊ?"

सवयीने मी ताटावर हात आडवा धरला. "पुरे, पुरे."

"बरं," वसुधा म्हणाली, आणि तिने श्रीखंडाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मी अर्धपोटी, ताटावर हात तसाच धरून बसले.