दादाचा अंगठा

मुकादमाचं वाटोळं झालेलं पाहिल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, हे ताईने दादाच्या मयताच्या दिवशीच ठरवलं होतं.

कपबशांच्या कारखान्यात ती रंगकाम करायची आणि दादा भट्टी सांभाळायचा. भट्टीचं दार लावलं की फटीत ओली माती लिंपायची, त्यावर दार लावणाऱ्याने आपला अंगठा उठवायचा आणि भट्टी निवल्यावर त्यानेच ते लिंपण फोडायचं, असा तिथला शिरस्ता. एकदा कुणीतरी गरम भट्टी उघडली. अख्खा माल तडकला, भट्टीही कामातून गेली आणि दादाला हाकललं. "मी हात लावला नाही गं," म्हणत म्हणत तो झुरून गेला. मुकादम मात्र प्रत्येक नव्या माणसाला हसत सांगायचा, "भट्टीवाल्याला धीर हवा. नाहीतर हिच्या दादासारखी गत!"

ऐकून ताईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. उघडणारा हाच मेला! पुरावा कशाला हवा? भावाला बहीण नाही ओळखणार तर कोण?

नव्या मालकीणबाईंनी जुनं प्रकरण उकरलं, तेव्हा ताई पुढे झाली. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाई. मुकादमानेच उघडली."

पाहिलं काहीच नव्हतं. पण जे खरंच आहे ते पाहिलं म्हटलं तर बिघडलं कुठे? मुकादमाला घरी बसवलं आणि त्या दिवशी ताईला दोन घास जास्त गेले.

मग ती बंद पडलेली भट्टी पाडली. दाराच्या फटीतून लिंपणाचा एक तुकडा ताईच्या हाती आला. त्याला दोन थर होते. खालचा फोडलेला, वरचा त्याच फुटीवर पुन्हा घाईने थापलेला. दोन्हींवर एकच अंगठा, मधोमध जुन्या जखमेची चीर असलेला. दादाचा.

तिने तो कच्च्या मातीचे तुकडे भिजवायच्या टाकीत फेकला. विरघळू दे मेला!

सकाळी तिने टाकीत हात घातला. बाकी सगळ्याचा चिखल झाला होता, भट्टीत भाजलेला तो तुकडा तेवढा टणक होता. फाटकापाशी मुकादम हात जोडून उभा होता. "ताई, एकदा खरं सांगा. या वयात मी कुठे जाऊ?"

मालकीणबाईंनी मागून विचारलं, "काय सापडलं गं?"

ताईने मूठ आवळली. दादाची चीर तिच्या तळव्याला टोचत होती.

"काही नाही बाई. खडा आहे."