चादरीतला संगणक

भर मे महिन्यात, सोलापुरात, घरात पाहुणे बसलेले असताना स्वखुशीने छताचा पंखा बंद करणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि ते म्हणजे माझे साडू. गाणे ऐकायचे तर आधी शांतता पाहिजे, हा त्यांचा धर्म. पंखा झाला की ते फ्रिजकडे वळतात. मग भिंतींवर आपल्या सोलापुरी चादरी अडकवतात, आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. उरलेली एक चादर खिडकीवर जाते. अशा त्या भट्टीत घाम पुसत बसलेल्या आम्हा मंडळींना ते विचारतात, “पाहुणं, काय ऐकू येतंय का?” मी म्हणतो, “काहीच नाही.” “तेच की! लई भारी!” ते खूश होतात. गाणे अजून सुरूच झालेले नसते. एकदा एक लांबलचक राग संपेपर्यंत फ्रिजमधल्या आमरसाला फेस आला. तेव्हा अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण, दारात येऊन म्हणाली, “आता फ्रिज लावू का, का त्याला बी जरा इश्रांती द्यायची हाय?”

या माणसाची सारी नोकरी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. त्यामुळे शांततेची ओढ समजू शकते. गंमत अशी, की त्या खडखडाटावर मात करून बोलण्याची सवय काही सुटलेली नाही. “शांतता!” असे ते ओरडतात तेव्हा समोरच्या इमारतीतली कबुतरे उडतात.

निवृत्तीनंतर त्यांनी स्ट्रीमर आणला. डब्याएवढे काळे यंत्र, त्याला पंखा नाही, पडदा नाही. इंटरनेटवरचे किंवा साठवून ठेवलेले गाणे घ्यायचे आणि स्पीकरकडे पाठवायचे, एवढेच त्याचे काम. मी मात्र जुन्या संगणकालाच स्पीकर जोडून ऐकत असे. गाणे शेवटी आकड्यांच्या रूपातच येते, ते या पेटीतून आले काय नि त्या पेटीतून आले काय, असे माझे पुस्तकी मत. साडूंना ते सहन होत नसे. “ज्याच्यावर लाइटबिल भरायचं, त्याच्यावरच भैरवी ऐकायची? चहाच्या पातेल्यात कुणी अत्तर ठेवतं का, पाहुणं?” एकदा माझ्याकडे आलाप ऐन रंगात आला असताना संगणकाने टुंग करून व्हायरस शोधण्याची परवानगी मागितली. साडू चप्पल घालून निघून गेले. माझी बायको जिन्यापर्यंत त्यांच्यामागे धावली, “दाजी, चहा तरी घ्या की!” खालून उत्तर आले, “आधी त्याला पाजा!”

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आले. भजनी मंडळात तिचा सूर एका जागी घसरत असे. म्हणून ती दुपारी संगणकासमोर बसून म्हणायची, ते त्याच्यावरच नोंदवायची आणि परत ऐकायची. ती सगळी ध्वनिमुद्रणे त्या जुन्या संगणकातच होती, दुसरी प्रत कुठे नव्हती. ती गेल्यावर मी रोज दुपारी ऐकत असे. साडूही येऊन बसत. या उन्हाळ्यात संगणकाचा पंखा फारच घरघरू लागला. एका दुपारी मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात साडूंनी भिंतीवर लावायला आणलेली चादर संगणकाभोवती नीट, चारी बाजूंनी गुंडाळली. थंडीत पोराला गुंडाळावे तशी. घरघर थांबली. “बघा, आता कसा ऐकू येतोय धाकटीचा आवाज,” ते म्हणाले. खरेच स्वच्छ येत होता. जरा वेळाने जळका वास आला, आवाज मधेच तुटला आणि संगणक बंद पडला. तो पुन्हा सुरू झालाच नाही.

साडू चादर हातात घेऊन उभे होते. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले. “पाहुणं, मी घेऊन जातो ह्याला.” संगणक मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. मग कितीतरी दिवस त्यांचा फोन नाही. अक्का सांगत होती, दुरुस्तीच्या एका दुकानात जाऊन बसतात, जेवायला बोलावले तरी येत नाहीत.

एका दुपारी ते आले ते स्वतःचा स्ट्रीमर पिशवीत घेऊन. संगणक गेला होता, पण आतली डिस्क वाचली होती. त्यांनी तारा जोडल्या, फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. आणि तिचा आवाज आला. त्या बिनपंख्याच्या, मुक्या यंत्रातूनही तिच्यामागे संगणकाची घरघर येत होती. ती त्याच्यासमोर बसूनच म्हणायची ना. मधेच त्या ध्वनिमुद्रणात दार वाजले आणि साडूंचाच जुना आवाज गरजला, “आधी तो पंखा बंद कर की, धाकटे!” त्यावर ती हसली, “गप बसा की, दाजी,” आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.

मी साडूंकडे पाहिले. “दुकानदार म्हणाला, ती घरघर काढून देतो,” ते म्हणाले. “म्या म्हटलं, हात लावू नको. ती हाय म्हणून धाकटी टेबलाशी बसल्यावानी वाटती.”

ध्वनिमुद्रण संपले. घरघर थांबली. साडूंनी जन्मभर हवी म्हटलेली शांतता खोलीत पसरली. फ्रिज नाही, पंखा नाही, काही नाही. मग साडूच आधी उठले, आणि जाऊन त्यांनी छताचा पंखा लावला.